वागण्यामागची भावना कशी शोधावी: पायरीपायरीने मार्गदर्शन

माणसाचे वागणे दिसते, भावना दिसत नाही. आणि तरीही रोजच्या व्यवहारात आपण वागण्यावरूनच भावनेचा निवाडा करून मोकळे होतो. मोठ्याने बोलला म्हणजे रागावला, गप्प बसली म्हणजे फुगली, सोसायटीच्या सभेला आला नाही म्हणजे त्याला कसली पर्वा नाही, असे निष्कर्ष इतक्या झटपट निघतात की आपण काही निष्कर्ष काढला आहे हेसुद्धा लक्षात येत नाही. प्रत्यक्षात एकाच वागण्यामागे अगदी निराळ्या भावना असू शकतात, आणि एकच भावना एकाच माणसाला वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या दिशांना नेते. त्यामुळे वागण्याच्या मुळाशी काय होते हे मागे मागे जाऊन शोधावे लागते. ही रीत शिकता येते, आणि मुंबईसारख्या शहरात, जिथे माणसाला स्वतःशी दोन मिनिटे बोलायलाही निवांत कोपरा मिळत नाही, तिथे ती शिकणे मला फार निकडीचे वाटते.

सोयीसाठी एक कल्पित पण ओळखीचे उदाहरण घेऊ. परळच्या एका कार्यालयात नोकरी करणारे आणि मुलुंडला राहणारे एक गृहस्थ रात्री साडेआठला घरी पोचतात. दार उघडताच दहावीतला मुलगा मोबाइल घेऊन बसलेला दिसतो आणि ते त्याच्यावर इतक्या जोरात ओरडतात की शेजारच्या घरातल्या टीव्हीचा आवाज बारीक होतो. मुलगा न जेवता झोपतो, बायको अबोला धरते आणि गृहस्थ स्वतःशी म्हणतात, "हल्ली मला राग फार येतो." हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून काहीच हाती लागत नाही.

आधी थोडे मुळाकडे

भावना ही नुसती मनात उमटणारी गोष्ट नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये माणूस आणि प्राणी यांच्या भावाविष्कारावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि चेहऱ्यावरच्या, शरीरावरच्या खुणांना जीवशास्त्राच्या अभ्यासात आणून बसवले. १८८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी त्याहून धाडसी मत मांडले: आपण घाबरतो म्हणून शरीर थरथरते असे नाही, तर शरीराची थरथर जाणवते तिलाच आपण भीती म्हणतो. हे मत जसेच्या तसे आज कोणी स्वीकारत नाही, मात्र शरीर आणि भावना यांची फारकत करता येत नाही हा त्यातला गाभा टिकून आहे.

आपल्याकडे हा विचार त्याच्याही फार आधी झालेला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी (मनात टिकून राहणारे) भाव, तेहतीस व्यभिचारी (येऊन जाणारे) भाव आणि आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. घाम, रोमांच, कंप, आवाज फुटणे, चेहऱ्याचा रंग उतरणे, अश्रू हे सात्त्विक भावांपैकी आहेत, म्हणजे मुद्दाम आणता न येणाऱ्या शारीरिक खुणा. भाव ज्यामुळे जागा होतो तो विभाव आणि ज्यातून तो बाहेर दिसतो तो अनुभाव, ही मांडणी रंगभूमीसाठी केलेली असली तरी घरातल्या भांडणाचा उलगडा करायलाही ती उपयोगी पडते. रोजच्या जगण्यात गोंधळ होतो तो इथेच, कारण अनुभाव समोर असतो आणि विभाव मात्र कित्येक तास मागे, दुसऱ्याच ठिकाणी राहून गेलेला असतो.

भावना नसत्या तर माणूस अधिक शहाणपणाने वागला असता, ही समजूतही इथेच सोडून द्यावी. मेंदुतज्ज्ञ अँटोनिओ डमासिओ यांनी एका रुग्णाची हकिकत नोंदवली आहे. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यानंतर त्याची बुद्धी, स्मरण, भाषा सगळे शाबूत होते, पण भावना जवळजवळ विझल्या होत्या. अशा माणसाचे निर्णय चोख व्हायला हवेत असे वाटेल, प्रत्यक्षात तो साध्या साध्या निवडींमध्ये अडकून पडू लागला आणि नोकरी व संसार दोन्ही गमावून बसला. कशाला महत्त्व द्यायचे हे भावनाच सांगत असते, आणि ते सांगणे बंद पडले की नुसत्या तर्काला कुठे थांबायचे ते कळत नाही.

पहिली पायरी: घटना उलट्या क्रमाने मांडा

ज्या वागण्याचा पश्चात्ताप होतो किंवा ज्याचे कोडे पडते, असे एकच वागणे निवडा. "मी चिडखोर आहे" हे स्वभावाचे वर्णन झाले. "मंगळवारी रात्री मी मुलावर ओरडलो" ही घटना झाली, आणि काम घटनेवरच करता येते. त्या क्षणापासून सुरुवात करून मागे मागे जात सकाळपर्यंत पोचायचे. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी लिहायच्या: काय घडले, अंगात काय जाणवले आणि मनात कोणते वाक्य आले.

आपल्या गृहस्थांनी हे केले तर साधारण असे दिसेल. दार उघडण्यापूर्वी जिना चढताना जबडा आवळलेला होता. त्याआधी लोकल गाडीत सोसायटीच्या ग्रुपवर, इमारतीचा पुनर्विकास चालू असताना बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्याचा हप्ता पुन्हा लांबल्याचा निरोप वाचला होता. त्याआधी दुपारच्या बैठकीत वरिष्ठ त्यांना नव्या मुलांच्या देखत म्हणाले होते, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यानंतर जेवण गेले नाही, डबा तसाच परत आला. आदल्या रात्री पाच तासच झोप झाली होती. म्हणजे मुलाचा मोबाइल दिसण्याच्या कितीतरी आधी रागाची सगळी तयारी झालेली होती, आणि मुलगा फक्त शेवटच्या टप्प्यावर समोर आला.

लिहिणे महत्त्वाचे आहे. नुसते आठवून चालत नाही, कारण आठवताना मन ताबडतोब स्वतःची बाजू मांडू लागते. बसायला जागा मिळाली तर परतीच्या प्रवासात फोनवर चार ओळी टिपता येतात, आणि उभ्याने प्रवास असेल तर घरी गेल्यावर हातपाय धुण्याआधी लिहाव्यात. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून अशा लेखनाचा पद्धतशीर अभ्यास केला; त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगात सहभागी व्यक्ती सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला बोचणाऱ्या प्रसंगाविषयी लिहीत होत्या. असे लिहून झाल्यावर लगेच बरे वाटेलच असे नाही, उलट काही काळ मन जडही होते, आणि ते अपेक्षित आहे.

दुसरी पायरी: शरीर काय सांगते ते वाचा

धोका जाणवला की मज्जासंस्थेचा एक भाग शरीराला लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करतो. अॅड्रिनलिन वाढते, हृदयाची गती वाढते, श्वास उथळ होतो, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, तोंडाला कोरड पडते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रक्रियेचे वर्णन केले. अडचण अशी की ही सज्जता राग, भीती, उत्कंठा आणि कधीकधी आनंद यांमध्येही बरीचशी सारखीच असते. छातीतली धडधड कशामुळे होते आहे हे शरीर सांगत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते आणि ठरवताना आपण चुकतो.

ही चूक कशी होते हे दाखवणारा एक प्रयोग १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन यांनी कॅनडात केला. खोल दरीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर काही पुरुषांना एका तरुणीने प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या काहींना कमी उंचीच्या भक्कम पुलावर. तिने पुढील माहितीसाठी आपला फोन क्रमांक दिला होता. झुलत्या पुलावरच्या पुरुषांपैकी तुलनेने अधिक जणांनी तिला नंतर फोन केला. पुलाच्या भीतीने झालेली धडधड त्यांनी, निदान काही अंशी, आकर्षणाच्या खात्यावर टाकली, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मुंबईकराने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तासभर घामेजलेल्या गर्दीत, एका हाताने कडी धरून, दुसऱ्याच्या कोपराचा भार छातीवर घेत प्रवास झाल्यावर शरीर सज्जतेच्या अवस्थेतच घरात शिरते. त्या अवस्थेला नाव मिळालेले नसते, आणि समोर जे माणूस येते त्याच्यावर ती खर्ची पडते. म्हणून भावनेचा विचार करण्याआधी भूक, झोप, उकाडा, दुखणे आणि चहाच्या फेऱ्या यांचा हिशेब घ्यावा. मासिक पाळीच्या आधीचे दिवस, थायरॉइडचा त्रास, मधुमेहात साखर एकदम कमी होणे यांमुळेही चिडचिड आणि धडधड होते, आणि तिथे मनाचे विश्लेषण करत बसण्यापेक्षा तपासणी करून घेणे योग्य.

घरी आल्या आल्या पंधरा मिनिटे कोणताही महत्त्वाचा विषय काढायचा नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांनी ठरवून पाळला तरी निष्कारण होणारी कितीतरी भांडणे टळतील, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: भावनेला नेमके नाव द्या

"मूड नाही", "टेन्शन आहे", "डोकं फिरलंय" ही वाक्ये बोलायला सोपी आहेत, पण पुढे काय करावे हे ती सांगत नाहीत. मराठीत यासाठी शब्दांची मुळीच वाण नाही. नळाला पाणी कमी आले की वैताग येतो. कोणी अन्याय केला तर चीड येते. जवळच्या माणसाने दुर्लक्ष केले तर रुसवा येतो आणि रुसव्यात समजूत काढली जाण्याची आशा असते. काहीच हातात उरले नाही असे वाटले की त्रागा होतो, आणि तो बहुतेक वेळा स्वतःच्याच जिवावर काढला जातो. यातल्या प्रत्येकाची गरज निराळी आहे. वैतागाला विश्रांती हवी, चिडीला न्याय हवा, रुसव्याला जवळीक हवी, त्राग्याला थोडासा का होईना ताबा हवा. सगळ्यांना एकाच "राग" या पिशवीत कोंबले तर औषधही एकच उरते, आणि ते बहुधा लागू पडत नाही.

दुःखाच्या बाजूलाही हेच आहे. हुरहूर, खंत, विषण्णता, एकटेपणा, पोरकेपण या एकमेकींच्या शेजारच्या पण निराळ्या अवस्था आहेत. लिसा फेल्डमन बॅरेट या संशोधकांनी भावनांमधला असा बारीक फरक ओळखण्याच्या क्षमतेवर बरेच काम केले आहे. ज्यांना हा फरक करता येतो त्यांना आपल्या भावना हाताळणे तुलनेने सोपे जाते असे या अभ्यासांतून दिसते. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या प्रयोगात, भावना व्यक्त करणाऱ्या चेहऱ्याला शब्दाने नाव दिले असता अमिग्डला या भागाची हालचाल कमी झालेली आढळली. अमिग्डला म्हणजे धोक्याची दखल घेण्यात मोठा वाटा असलेला मेंदूतला छोटा भाग.

नाव शोधताना एक प्रश्न नेहमी विचारावा: वर दिसते त्याच्या खाली दुसरे काही आहे का? आपल्या गृहस्थांच्या वहीत वर राग आहे. बैठकीच्या ओळीपाशी थांबले तर तिथे सापडते ती लाज, आणि मुलाच्या मोबाइलपाशी थांबले तर भीती. लाज आणि अपराधीपणा यांत गल्लत करू नये. "मी चुकीचे केले" हा अपराधीपणा, तर "मीच कमी आहे" ही लाज. जून टँग्नी यांच्या संशोधनात हा भेद ठळकपणे आला आहे. अपराधी वाटणारा माणूस बहुधा चूक सुधारायला जातो. लाजेने पोळलेला माणूस लपतो किंवा दुसऱ्यावर उलटतो. घरातल्या पुष्कळ आरडाओरड्याच्या तळाशी ही बाहेरून आणलेली लाज असते, आणि पुरुषांच्या बाबतीत ती ओळखणे अधिकच कठीण जाते, कारण रागावण्याची त्यांना लहानपणापासून मुभा असते, ओशाळण्याची नसते.

चौथी पायरी: मनातले वाक्य पकडा

घटना आणि भावना यांच्या मध्ये एक अर्थ असतो. दुपारच्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी "जरा सरकता का" असे विचारले आणि समोरची बाई हलली नाही. "मुद्दाम करते आहे" हा अर्थ लावला तर संताप येतो. "हिला ऐकू गेले नसेल" असा लावला तर आपण पुन्हा विचारतो. तिचा पाय प्लास्टरमध्ये आहे हे दिसले तर क्षणात आपलेच मन वरमते. घटना तीच राहिली, भावना तीनदा बदलली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी भावनेच्या अभ्यासात या अर्थ लावण्याला मध्यवर्ती जागा दिली, आणि अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात त्यावरच आपली उपचारपद्धती उभारली. तीच पद्धत महाराष्ट्रात विवेकनिष्ठ उपचार म्हणून ओळखली जाते.

मनातले वाक्य क्षणभरच चमकून जाते, म्हणून ते जसेच्या तसे, स्वतःच्या बोलीत उतरवावे. गृहस्थांचे वाक्य असे निघेल: "हा असाच वागला तर माझ्यासारखाच कुठेतरी मागे राहील." या एका वाक्यात दिवसभरचा अपमान, भाड्याची काळजी आणि मुलावरचे प्रेम तिन्ही आहेत. ओरडताना मुलाला ऐकू गेले ते मात्र "तुला काही लाज आहे का?"

वाक्य हाती आले की ते तपासायचे. त्याच्या बाजूने कोणता पुरावा आहे, विरुद्ध कोणता आहे, आणि हेच वाक्य मित्राने स्वतःबद्दल म्हटले असते तर आपण त्याला काय सांगितले असते? इथे खोटी समजूत घालू नये. भाडे खरोखरच थकले असेल तर काळजी रास्त आहे आणि तिला "सकारात्मक विचार करा" असे सांगणे हा तिचा अवमान आहे. तिला कागदपत्रे, करारनामा आणि सभेतला ठराव लागतो.

पाचवी पायरी: ऊर्मी आणि कृती वेगळ्या करा

प्रत्येक भावना शरीराला एका ठराविक दिशेला ओढते. भीती टाळायला लावते, राग चाल करून जायला लावतो, दुःख आत वळायला, किळस दूर ढकलायला, मत्सर समोरच्याचे उणे शोधायला. ही ओढ म्हणजे ऊर्मी. ती येण्यावर आपला ताबा नसतो, पण ती कृतीत उतरण्याआधी थोडी फट असते, आणि या सगळ्या अभ्यासाचा खरा उपयोग त्या फटीत आहे. गृहस्थांची ऊर्मी ओरडण्याची होती. तेवढ्यात त्यांनी बूट काढायला जिन्यात एक मिनिट घेतले असते, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ दिला असता, तरी आवाजाची पट्टी बदलली असती.

भीतीविषयी इथे सविस्तर लिहायला हवे, कारण भीतीचे वर्तन सर्वांत फसवे असते. समजा, एका मुलीला घाटकोपरला तुडुंब भरलेल्या गाडीत अचानक छातीत धडधड, चक्कर आणि जीव जातोय असे वाटू लागले आणि ती पुढच्या स्थानकावर उतरली. उतरताच बरे वाटले. त्या बरे वाटण्यातून मेंदू धडा घेतो की उतरल्यामुळे जीव वाचला. दुसऱ्या दिवशी ती गर्दीची गाडी सोडते, महिन्याभरात लोकलच सोडते, मग बसमध्येही तसेच होऊ लागते आणि शेवटी कॉलेजला जाणे थांबते. घरचे म्हणतात, आळशी झाली. वास्तविक प्रत्येक टाळणे तिला क्षणिक सुटका देत गेले आणि प्रत्येक सुटकेने भीतीला आणखी बळ दिले.

यातून बाहेर येण्याची वाट उलटी आणि पायऱ्यांची आहे. आधी डॉक्टरांकडून शारीरिक कारण नाही याची खात्री करून घ्यावी. मग दुपारच्या निवांत वेळी नुसते फलाटावर बसून दोन-चार गाड्या जाऊ द्याव्यात. ते जमले की धीम्या गाडीने मुलुंड ते नाहूर एवढेच एक स्थानक, प्रथम कोणाला सोबत घेऊन आणि नंतर एकटीने. मग भांडुप, मग पुढे. प्रत्येक पायरीवर भीती येईल, आणि तिथेच थांबून ती आपोआप ओसरेपर्यंत वाट पाहायची. अशी लाट काही मिनिटांत शिखर गाठते आणि नंतर उतरू लागते. उतरण्याआधी पळ काढला तर मेंदूला नवा धडा मिळत नाही. त्रास जुना किंवा तीव्र असेल तर हे समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखालीच करावे.

मात्र प्रत्येक भीती जिंकण्याजोगी असते असे समजू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ज्यांनी ती रात्र रस्त्यावर, बसच्या टपावर किंवा अनोळखी घरात काढली, त्यांच्यापैकी कितीतरी जण आजही पावसाने जोर धरला की भरतीची वेळ पाहतात आणि लवकर निघतात. ही भीती अनुभवातून आलेली माहिती आहे आणि तिने सुचवलेले वागणे शहाणपणाचे आहे. दारात लटकून प्रवास करताना पोटात गोळा येत असेल तर त्या गोळ्याचेच ऐकावे. भीतीने सुचवलेली कृती समोरच्या खऱ्या धोक्याच्या मापाची आहे का, एवढे विचारले की दोन्हींतला फरक कळतो.

सहावी पायरी: बदल कुठे करायचा ते ठरवा

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रारूपाप्रमाणे भावनेच्या वाटेवर पाच ठिकाणी हस्तक्षेप करता येतो: कोणत्या प्रसंगात जायचे ते निवडणे, प्रसंगच थोडा बदलणे, लक्ष दुसरीकडे वळवणे, अर्थ वेगळा लावून पाहणे, आणि सगळ्यात शेवटी बाहेर पडणारी प्रतिक्रिया आवरणे. आपण बहुतेक जण पहिली चार ठिकाणे सोडून देतो आणि शेवटच्याच ठिकाणी सगळी ताकद लावतो. ओठ घट्ट मिटून राग गिळण्याला आपल्याकडे, विशेषतः सुनांच्या आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, सद्गुण मानले गेले आहे. पण नुसते आवरल्याने भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो. २००३ मधल्या एका प्रयोगात तर असे दिसले की संभाषणात एका व्यक्तीने भावना दाबून धरल्या तर तिच्याशी बोलणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचा रक्तदाबही वाढतो.

दुसऱ्या टोकाचा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. "उशी बडव, ओरडून घे, वाफ जाऊ दे" असे सांगितले जाते. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये हे तपासले. चिडलेल्यांपैकी ज्यांनी चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. जे काही न करता नुसते शांत बसले, ते त्यांच्यापेक्षा कमी आक्रमक होते. घडलेला अपमान मैत्रिणीला सलग तासभर फोनवर सांगणे हेही पुष्कळदा पंचिंग बॅगच ठरते. सांगावे जरूर, पण "मग आता काय करू या" या प्रश्नापर्यंत पोचण्यासाठी सांगावे.

गृहस्थांपुरते बोलायचे तर ते सोसायटीचा ग्रुप गाडीत उघडायचा नाही असे ठरवू शकतात, डबा निम्मा तरी खाऊ शकतात, वरिष्ठांशी दुसऱ्या दिवशी एकांतात बोलू शकतात. आणि मुलाशी बोलणे तर बाकी आहेच. सकाळी, घाईची वेळ टाळून, इतके पुरते: "काल मी ओरडलो ते तुझ्यावरचं नव्हतं सगळं. ऑफिसात वाईट दिवस होता. तुझ्या अभ्यासाची काळजी वाटते हे खरं आहे, ते आपण रविवारी नीट बसून बोलू." यात "पण तूसुद्धा" हे शब्द घालू नयेत, ते घातले की माफीचे रूपांतर आरोपात होते. मुलगा लगेच विरघळेल अशी अपेक्षाही ठेवू नये. त्याच्या भावनांना त्यांचा वेळ लागतो.

दुसऱ्याच्या बाबतीत

स्वतःच्या बाबतीत निदान शरीर तरी जवळ असते. दुसऱ्याच्या बाबतीत फक्त अनुभाव हाती असतो. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीसारख्या दूरच्या समाजांत जाऊन काही मूळ भावनांचे चेहऱ्यावरचे आविष्कार सगळीकडे सारखे असल्याचे मत मांडले. बॅरेट आणि इतरांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतले आहेत, आणि चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येते असे आज म्हणता येत नाही. म्हणून आपला अंदाज हा अंदाज म्हणूनच, प्रश्नाच्या रूपाने समोर ठेवावा, आणि त्यात किमान दोन शक्यता असाव्यात.

सासूबाई जेवताना एक शब्द बोलल्या नाहीत. सुनेने "आई, माझं काय चुकलं ते तरी सांगा" असे विचारले तर त्यात आरोप आधीच गृहीत धरलेला असतो. त्याऐवजी "आई, आज तुम्ही गप्प गप्प वाटलात. गुडघा दुखतोय का, की मनाला काही लागलंय?" असे विचारले तर उत्तराला जागा राहते. "काही नाही गं" असेच उत्तर आले तर खोदू नये. चहाच्या वेळी सहज जवळ बसावे. कित्येकदा तेव्हा कळते की गावाकडच्या बहिणीचा फोन आला होता, तिची तब्येत ठीक नाही, आणि या वयात आपल्याला तिच्याकडे एकटीने जाता येत नाही याचे दुःख त्या गिळत बसल्या होत्या. सुनेशी त्या गप्प बसण्याचा संबंधच नव्हता.

लहान मुलांना नावे ठाऊक नसतात, म्हणून ती आपण पुरवावी: "खेळ अर्धवट सोडून यावं लागलं म्हणून हिरमोड झाला ना?" एवढ्याने रडणे थांबेलच असे नाही, पण पुढच्या वेळी त्याच्याकडे हातपाय आपटण्याशिवाय एक शब्द असेल.

मदत कधी आणि कुठे घ्यावी

जवळजवळ दररोज, दिवसातला बराचसा वेळ उदास वाटणे किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप आणि भूक बिघडली, रागात हात उचलला जाऊ लागला, दारू वाढली, किंवा जगणे नको असे विचार येऊ लागले, तर वहीतल्या नोंदींवर विसंबून राहू नये. शेवटच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये आणि त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचे काम करते आहे.

महापालिका रुग्णालयातल्या पहिल्या भेटीसाठी सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा आणि हाताशी अर्धा दिवस ठेवावा, कारण गर्दी असते आणि डॉक्टरांना प्रत्येकासाठी मिळणारा वेळ मोजकाच असतो. त्या वेळात "मला कसंतरीच होतं" यापुढे बोलणे सरकत नाही असा पुष्कळांचा अनुभव आहे. म्हणून आधीच्या दोन आठवड्यांतली तीन-चार प्रसंगांची टिपणे, झोपेच्या वेळा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे आणि घरात पूर्वी कोणाला असा त्रास झाला असल्यास त्याची नोंद एका कागदावर लिहून न्यावी, आणि तोंडाने सांगणे जड जात असेल तर तो कागद सरळ डॉक्टरांच्या हाती द्यावा.